नाताळची पंगत आणि घरची मार्था

नाताळ जवळ आला की धर्मग्रामातील घराघरांत दोन तयाऱ्या एकाच वेळी सुरू होतात: एक गव्हाणीची आणि दुसरी स्वयंपाकघराची. पहिलीला मुलेबाळे, शेजारीपाजारी हौसेने हातभार लावतात. दुसरी मात्र बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येते. संत लूकच्या शुभवर्तमानातील (१०:३८-४२) मार्था आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. प्रभूने तिला समज दिली ती पाहुणचाराबद्दल नव्हे, तर जिवाला लावून घेतलेल्या काळजीबद्दल, असे आम्हांस वाटते.

आमच्या लहानपणी वसईच्या घरी नाताळला वीस-पंचवीस पाने होत. त्या पंगतीत आईला बसलेली पाहिल्याचे आम्हां भावंडांना आठवत नाही. मध्यरात्रीची मिस्सा आटोपली की ती चुलीशी जाई आणि शेवटचा पाहुणा हात धुऊन उठला की उरलेसुरले आपल्या पानात घेई. सण साऱ्यांचा, उपास तिचा. आम्ही संसाराला लागल्यावर एकच नियम केला: नाताळच्या जेवणात आई पहिल्या पंगतीला बसेल. प्रारंभी ती अवघडे, वाढण्यासाठी उठू पाही; मग हळूहळू रमू लागली.

हा एक नियम पाळायचा म्हटल्यावर बाकीचे आपोआप सुचत गेले. ऐन जेवणाच्या वेळी जो पदार्थ चुलीपुढे उभे करतो, तो त्या दिवशी वर्ज्य. नवल असे की त्यासाठी नवे काही शोधावे लागले नाही. वसईवर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांचा अंमल होता. व्हिनेगर घालून मांस शिजवण्याची रीत त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. सोरपोतेल आणि विंदालू व्हिनेगरमुळे टिकतात, एवढेच नव्हे तर मुरल्यावर अधिक रुचकर लागतात. म्हणून ते आम्ही २३ तारखेलाच शिजवतो, निवताच फ्रीजमध्ये ठेवतो आणि वाढण्यापूर्वी चांगली उकळी आणतो. कुलकुल आणि करंज्या आगमनकाळाच्या शेवटच्या आठवड्यात होतात. काट्याच्या पाठीवर कुलकुल वळण्यास लहान हातही चालतात. फुग्यांचे पीठ रात्री भिजवून ठेवले जाते. सकाळी ते तळण्याचे काम पुरुषांकडे. भातासाठी माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरले की वीसजणांना दोन किलो पुरतात. हा हिशेब कागदावर मांडून भिंतीला लावला की दर घटकेला आईला विचारण्याचे कारण उरत नाही.

“येताना काय आणू?” असे आप्तेष्ट विचारतात, तेव्हा “काही नको” म्हणणे हा आपला जुना शिष्टाचार. आम्ही तो मोडला आहे. एकीकडून कोशिंबीर येते, दुसरीकडून केक. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी वेगळे पातेले आणि वेगळा डाव असतो; फुग्यांत अंडे असते, म्हणून त्यांच्यासाठी पोळ्या. जेवणानंतर भांडी कोणी घासावयाची, हेही आदल्या दिवशी ठरलेले असते.

असा भार वाटला गेल्यावर घरात जागा होते आणि मनातही. परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवणास बोलवावे, ही प्रभूची शिकवण लूकच्याच चौदाव्या अध्यायात आहे. ज्यांची मुले परदेशी आहेत असे वृद्ध जोडपे, गावाकडे जाऊ न शकलेला एखादा कामगार, नुकतेच कोणी गमावलेले शेजारी: यांना बोलवायचे म्हटले की दमलेली गृहिणी धास्तावते, आणि तिचा दोष नसतो. ती निवांत असेल तर “यांनाही बोलवू या” हे शब्द बहुधा तिच्याच तोंडून निघतात. या नाताळला दोन पदार्थ कमी करावेत; एक पान अधिक मांडावे.