सदरची लगोरी

नागपूरला आलेला पाहुणा सीताबर्डीचा किल्ला लांबून पाहतो, झिरो माइलच्या खांबापाशी उभा राहतो, संत्र्याची बर्फी बांधून घेतो आणि गाडी गाठतो. सदरला तो क्वचितच जातो. वास्तविक या शहराचे मिश्र कूळ ओळखायचे असेल, तर तासभर सदरमध्येच पायी फिरले पाहिजे. भोसल्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज रेसिडेंटाची आठवण रेसिडेन्सी रोडच्या नावात राहिली आहे. लष्करी तळाची आठवण शेजारच्या छावणी या वस्तीने जपली आहे. चर्चची घंटा, मशिदीची अजान आणि मंगळवारी बाजारातल्या भाजीवालीची हाक ही तिन्ही इथे एका कानाने ऐकता येतात. रस्त्यावरून आता उड्डाणपूल गेला आहे, पण खालच्या गल्ल्यांची चाल अजून जुनीच आहे.

याच मंगळवारी बाजाराच्या बाजूला शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्याची स्थापना १९१४ सालची. शंभराहून अधिक वर्षे विदर्भातल्या खेड्यापाड्यांची मुले इथे कानस धरायला शिकली. जवळच अंजुमनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेव्हा सदरच्या चहाच्या टपरीवर बेअरिंगच्या आणि बॅटरीच्या गोष्टी कानी पडल्या, तर नवल वाटू नये.

या गोष्टींना दरवर्षी एक हंगाम असतो. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची रोबोकॉन ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. यजमान देश बदलतो, तसा खेळही बदलतो. आणि प्रत्येक देशाचा एकच संघ जातो, यजमानांचे मात्र दोन. आपल्याकडे निवडीची स्पर्धा दूरदर्शन भरवते. २००८ साली यजमानपद पुण्याकडे आले, तेव्हा खेळ होता चक्क गोविंदाचा! उंच टांगलेल्या मटक्यांतले लोणी यंत्रांनी काढायचे. आणि २०२२ साली दिल्लीच्या पाळीला निवडली गेली आपली लगोरी.

लगोरी कोणाला ठाऊक नाही? पण यंत्राला ती शिकवणे सोपे नाही. एका यंत्राने चेंडू मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची, दुसऱ्याने त्या उचलून पुन्हा रचायच्या. आणि रचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू प्रतिपक्षाने नेम धरून पाडायचा. दोन्ही यंत्रांचे वजन मिळून पन्नास किलोच्या आत!

आमच्या परिचयाच्या एका घरातली मुलगी त्या वर्षीच्या एका संघात होती. घर सदरमधले. मागच्या खोलीतल्या पापडांच्या डब्यांना रजा मिळाली आणि तिथे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे आले. सीताबर्डीहून सुटे भाग येत, इतवारीच्या लोहाओळीतून नटबोल्ट.

"अगं, परीक्षा केव्हा आहे तुझी?" आई दाराशी उभी राहून विचारी.

"हाव ना आई, आहे लक्षात. हा चेंडू सरळ जाऊ दे, मग बसतेच अभ्यासाला."

चेंडू सरळ जाईना. त्यामागे एक मोठे दुखणे होते. एरवी वरच्या वर्गातली मुले खालच्यांना हाताला धरून शिकवतात. पण २०२० आणि २०२१ साली साथीमुळे कार्यशाळांना कुलपे लागली. जाणती मुले पदव्या घेऊन निघून गेली आणि त्यांच्याबरोबर हाताची विद्याही गेली. उरलेल्यांनी पडद्यावर सगळे पाहिले होते, ड्रिल मात्र कोणी धरले नव्हते. संघ यंदा उभा राहिला नाही, तर पुढच्या वर्षी विचारायलाही कोणी उरणार नाही, ही खरी धास्ती होती.

मे महिन्याचे नागपुरी ऊन. पहिले चार चेंडू नेमके लागत, पाचवा अलीकडेच पडे. मुलांनी नेम बदलला, चाक बदलले, चेंडूंनाही दोष दिला. अखेर कळले, की बॅटरी उतरत जाते तसे चाक मंदावते. मग चाकाचे फेरे मोजणारे एक छोटे उपकरण बसवले; वेग घटला, की यंत्र आपणहून वीज वाढवी. पाचवा चेंडू लागला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. आई रागावण्यासाठी उठली आणि चहा टाकून परतली.

दिल्लीत संघ लवकरच हरला. विजेत्यांच्या यंत्रांपुढे यांचे यंत्र बैलगाडीसारखे वाटले, असे ती मुलगी हसत सांगते. परंतु परतीच्या गाडीत या मुलांनी एक वही लिहून काढली: कोणता स्क्रू कुठे ढिला होतो, कोणत्या उन्हात काय तापते, कोणत्या दुकानात काय मिळते. ती वही पुढच्या वर्गाला गेली. त्यांनी तिच्यात आपली पाने जोडली.

यजमान पुढे सरकत राहिले: २०२३ साली कंबोडिया, २०२४ साली व्हिएतनाम, २०२५ साली मंगोलिया. नवे नियम साधारण गणपती-दिवाळीच्या सुमारास हाती येतात. त्या दिवसांत वाचकांपैकी कोणी नागपूरला आलाच, तर संध्याकाळी सदरला जावे. फराळाच्या ताटाशेजारी स्क्रूड्रायव्हर ठेवलेले एखादे घर तिथे सापडेल. आत जाऊन बसावे, चहा घ्यावा. मात्र अभ्यास कधी करणार, हे तेवढे विचारू नये. ते विचारायला घरात माणसे आहेत.