पर्मनंट होताना

'पर्मनंट' हा शब्द मूळ इंग्रजी आहे हे मराठी माणूस कधीच विसरलाय. पोरगा नोकरीला लागला की पगार किती हा प्रश्न नंतर येतो, आधी विचारतात, "पर्मनंट झाला का?" त्यामुळे इंग्लंडात मी दहा वर्षं कंत्राटी काम केलं, ती दहाही वर्षं घरच्यांच्या हिशेबी मी प्रोबेशनवरच होतो. आपली स्वतःची लिमिटेड कंपनी आहे, तिचा एकमेव डायरेक्टर मीच, असं आईला एकदा सविस्तर समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण तुला कामावर घेतलंय कुणी?"

२०२४च्या सप्टेंबरात घेतलं एकदाचं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी कागदपत्रांची फाइल उघडली. ती बंद व्हायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. रेडिंगच्या आसपास आपली बरीच मंडळी याच वाटेवर आहेत, आणि 'बाबा रे, नक्की काय काय करावं लागतं?' असे फोन येत असतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मुळात लोक कंत्राट का सोडतात? इथे आयआर-३५ नावाचं एक प्रकरण आहे. १९९९ साली सरकारने काढलेल्या प्रसिद्धिपत्रकाचा तो नुसता क्रमांक, पण एप्रिल २०००पासून त्याचा कायदा झाला. कंपनीचा बुरखा घेऊन तुम्ही खरं तर नोकरीच करताय का, एवढंच तो विचारतो. आधी याचं उत्तर कंत्राटदारच द्यायचा. सरकारी कामांसाठी एप्रिल २०१७पासून आणि मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांसाठी एप्रिल २०२१पासून ते उत्तर काम देणाऱ्याने द्यायचं ठरलं. चुकलं तर कर आपल्या गळ्यात येईल म्हटल्यावर बऱ्याच कंपन्यांनी कंत्राटदार घेणंच थांबवलं. त्यात आम्हाला घर घ्यायचं होतं. कर्ज देणाऱ्याला कंत्राटदाराचे दोन-दोन वर्षांचे हिशेब लागतात. नोकरदाराचं काम तीन पगारपत्रकांवर होऊन जातं. लेकीची शाळा बदलायच्या आत घर हवं होतं आणि घरासाठी साठवलेले पैसे माझ्या नव्हे, कंपनीच्या खात्यात होते. सगळी गोम इथेच आहे.

नोकरदाराचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो. कंत्राटदाराचा कर त्याच्या मागून येतो, कधीकधी दीड वर्षाने. म्हणजे कंत्राटदाराच्या खात्यात दिसणाऱ्या पैशांत सरकारचे पैसे कायम मिसळलेले असतात. कंत्राट सोडून नोकरीत शिरता त्या वर्षी मागून येणारा कर आणि पुढून कापला जाणारा कर यांची गाठ पडते. कर दुप्पट लागत नाही, पण खिसा मात्र दोन्हीकडून एकदम रिकामा होतो. या सगळ्या फॉर्मांमागचं गणित एवढंच.

पहिला कागद पी-४५. जुनी नोकरी सोडताना मिळतो आणि नवीन ठिकाणी द्यावा लागतो. त्यात वर्षभरात किती पगार झाला, किती कर कापला आणि टॅक्स कोड काय, हे असतं. "तुमच्या आधीच्या एम्प्लॉयरकडून पी-४५ आणा," असं नव्या कंपनीच्या एचआरने कळवलं. आधीचा एम्प्लॉयर मीच! मग अस्मादिकांनी डायरेक्टरच्या खुर्चीत बसून स्वतःला शेवटचा पगार दिला, पगाराच्या शेवटच्या ऑनलाइन विवरणात नोकरी सोडल्याची तारीख घातली आणि स्वतःला नारळ दिला. स्वतःला नोकरीवरून काढून टाकण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

यात हसण्यासारखं बरंच असलं तरी टाळण्यासारखं काही नाही. पी-४५ नसेल तर नवी कंपनी एक प्रश्नावली देते. त्यात अ, ब, क अशी तीन विधानं असतात. स्वतःच्या कंपनीतला पगार चालू ठेवून इथे रुजू झालात, तर 'माझी दुसरीही नोकरी आहे' हे तिसरं विधान निवडावं लागतं. मग कोड लागतो बीआर, म्हणजे पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के. १२५७एल हा नेहमीचा कोड वर्षाला १२,५७० पौंड करमुक्त ठेवतो, पण ती सवलत तुमच्या जुन्या कंपनीतच अडकून पडते. पहिली पगारपत्रिका आली की आधी कोड बघावा, मग रक्कम.

दुसरा मुद्दा डिव्हिडंडचा. एका मित्राने रुजू व्हायच्या आदल्या महिन्यात कंपनीतले सगळे पैसे डिव्हिडंड म्हणून काढून घेतले. म्हणाला, "अजून नोकरदार नाहीये तोवर काढतो, कर कमी बसेल." पण इथला आयकर महिना बघत नाही, वर्ष बघतो. हे वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. पूर्वी इथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं; १७५२ साली कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले आणि करवसुलीची तारीख पुढे सरकत गेली, त्याची ही शिल्लक. तर ऑगस्टात काढा नाहीतर फेब्रुवारीत, त्या वर्षाचा सगळा पगार खाली आणि डिव्हिडंड त्याच्या डोक्यावर, अशीच उतरंड रचली जाते. २०२४-२५ मध्ये एकूण उत्पन्न ५०,२७० पौंडांच्या वर गेलं की डिव्हिडंडवरचा कर ८.७५ टक्क्यांवरून थेट ३३.७५ टक्के व्हायचा. मित्राला हे जानेवारीत कळलं.

मी वेगळा रस्ता धरला. आधी कंपनीच्या खात्यातलं माझं किती ते मोजलं. खात्यात होते ३८ हजार पौंड. त्यातला कॉर्पोरेशन टॅक्स ९ हजार, शेवटच्या तिमाहीचा व्हॅट ४ हजार, अकाउंटंट आणि किरकोळ मिळून हजार. उरले २४. दहा वर्षं जे खातं बघून धीर यायचा, त्यातले १४ हजार आपले नव्हतेच. कंत्राटदाराने हा हिशेब दर तिमाहीला करावा. मी करायचो म्हणून धक्का बसला नाही, वाईट मात्र वाटलं.

कंपनी बंद करताना उरलेली रक्कम २५ हजार पौंडांपर्यंत असेल, तर ती डिव्हिडंड न मानता भांडवली नफा मानता येते. त्याहून एक पौंड जरी जास्त झाला तरी सगळीच रक्कम डिव्हिडंड ठरते. मग रीतसर लिक्विडेटर नेमावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. शिवाय अटी पूर्ण होत असतील तर धंदा बंद करताना एक सवलत मिळते. तिचा दर ५ एप्रिल २०२५पर्यंत १० टक्के होता, पुढच्या वर्षासाठी १४ झाला आणि ६ एप्रिल २०२६पासून १८. मी फेब्रुवारी २०२५मध्ये पैसे काढले. त्या वर्षीची ३ हजारांची माफी वजा जाता २१ हजारांवर २,१०० पौंड कर बसला. तेच डिव्हिडंड म्हणून घेतले असते तर सुमारे ८,१००. सहा हजारांचा फरक, म्हणजे आमच्या घराच्या डिपॉझिटची एक मोठी वीट. पण यात एक मेख आहे. हा कर वाचवण्यासाठीच कंपनी बंद केली आणि दोन वर्षांत पुन्हा तोच धंदा मांडला, तर सरकार मागे जाऊन तो सगळा डिव्हिडंड धरू शकतं. तेव्हा परत कंत्राटाकडे वळायची शक्यता मनात असेल तर घाई करू नये.

तिसरा मुद्दा 'पेमेंट्स ऑन अकाउंट'चा. माझं २०२३-२४चं देणं ८ हजार होतं, त्यातले ७ हजार आधीच भरलेले. जानेवारी २०२५मध्ये मागणी आली उरलेला १ हजार अधिक ४ हजार, आणि जुलैत आणखी ४ हजार. हे चार-चार हजार म्हणजे चालू वर्षाचा आगाऊ कर, मागच्या वर्षीच्या आकड्यावरून धरलेला. तुम्ही आता नोकरदार आहात आणि पगारातून कर कापला जातोय, हे त्या गणिताला माहीत नसतं. ते आपण सांगायचं. एसए-३०३ नावाचा फॉर्म आहे, ऑनलाइनही होतं. पगारातून कापलेला कर सोडून माझं २०२४-२५चं देणं अडीच हजारांच्या आसपास येत होतं, म्हणून हप्ते १,२५०चे करून घेतले. जानेवारी आणि जुलै मिळून नऊ हजारांऐवजी साडेतीन हजार भरले. मात्र आकडा प्रामाणिक हवा. फार कमी दाखवला तर फरकावर व्याज लागतं.

मग उरते आवराआवर, आणि तिचा क्रम महत्त्वाचा. आधी व्हॅट आणि पगाराची नोंदणी बंद करायची, शेवटचे हिशेब द्यायचे, कर भरायचा, काही परतावा येणं असेल तर तो खात्यात येऊ द्यायचा. कंपनीचा लॅपटॉप घरी ठेवायचा असेल तर बाजारभावाने स्वतःला विकायचा. खातं रिकामं झालं की मगच कंपनी बंद करण्याचा अर्ज. त्याआधी तीन महिने धंदा थांबलेला असावा लागतो. कारण कंपनी संपली त्या क्षणी तिच्या नावावर जे काही उरलं असेल ते बेवारस ठरतं आणि राजाच्या तिजोरीत जातं. हिशेबाचे कागद मात्र कंपनी गेल्यावरही सात वर्षं सांभाळायचे.

अर्ज केला की सरकारी गॅझेटात नोटीस येते. लंडन गॅझेट १६६५पासून निघतंय. लढाया, राजांची निधनं, सगळं त्यात छापून आलेलं. त्यात एका ओळीत माझ्या कंपनीचं नाव होतं. गावच्या नदीवरून ठेवलेलं ते नाव इंग्रजांच्या कागदावर पहिल्यांदा उमटलं २०१४मध्ये आणि शेवटचं मे २०२५मध्ये. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेणार तरी कोण?

घर झालं. नव्या घरात कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ती फाइल आहे, पाठीवर '२०३२ नंतर फाडणे' असं लिहिलेलं. दर महिन्याच्या शेवटी पगार येतो, कर कापून, आणि खात्यात दिसतो तो आकडा सगळा आपलाच असतो. या साध्या गोष्टीची सवय व्हायला मला वर्ष लागलं. अजूनही एखाद्या तिमाहीच्या शेवटी हात आपसूक कॅल्क्युलेटरकडे जातो, यातलं सरकारचं किती ते मोजायला.