वेगळं घर कधी मांडावं?

कोल्हापुरात दसरा चौकात उभं राहिलं की जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं हाकेच्या अंतरावर दिसतात. बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, "सगळ्यांसाठी एकच मोठं का नाही बांधलं?"

बांधलं होतं की! शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजचं वसतिगृह सगळ्याच जातींच्या मुलांसाठी काढलं. पण थोड्याच वर्षांत तिथं जवळजवळ ब्राह्मण मुलंच उरली. दार सगळ्यांना उघडं, पण आत पाय ठेवायला बाकीच्यांना जागा नाही, अशी गत. मग १९०१ मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी एकेक घरं उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, पैसा दिला, आणि त्या त्या समाजातली माणसं कामाला लावली.

हे सगळं आठवलं ते आमच्या इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. त्यात मोडी वाचणारे आम्ही सहाजण. एखाद्या अडलेल्या अक्षराचा फोटो टाकावा, तर तासाभरात तो सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला जातो. वेगळा ग्रुप काढू म्हटलं तर ज्येष्ठ मंडळी नाराज. "फूट पाडताय," म्हणतात.

मला वाटतं, नुसत्या हौसेपोटी वेगळं घर मांडू नये. माणसं आधीपासून आहेत, त्यांचं काम रोज अडतंय, आणि झाडलोट करायला एकजण तरी तयार आहे, एवढं असेल तर खुशाल मांडावं. सहाजण पुरेत.

पण एक धोका आहेच. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. निवाऱ्यासाठी बांधलेली भिंत अशी कुंपण होते. त्याच भाऊरावांनी पुढं १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं, आणि त्या वसतिगृहाला नाव दिलं शाहू महाराजांचंच!

तेव्हा मोडीचा ग्रुप काढायचाच, पण जुना सोडायचा नाही. वाचून झालेला कागद आधी तिकडंच टाकायचा. फुलांखाली गेला तरी चालेल. तुम्हाला काय वाटतं?