पनवेलहून चौल-रेवदंडा

आमच्या पुतण्यास इतिहासाचें वेड. त्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची सहल इटलीस निघाली, तेव्हां रोममधील पँथिऑन व तेथील जुनीं ख्रिस्तमंदिरें पाहण्याचे मनोरथ त्यानें रचले. पैसे त्यानें आमच्याकडेच मागितले, आणि नाहीं म्हणणें आम्हांसच भाग पडलें. पंधरा दिवस मुलगा घरांत धड बोलेना. अखेरीस एका रविवारीं पहाटे त्यास उठवून आम्हीं पनवेलच्या स्थानकावर अलिबागची एस्. टी. धरली.

"रोमची भरपाई का, काका?" एवढेंच तो म्हणाला.

पेण, वडखळ, धरमतरची खाडी मागें टाकून अलिबागेस गाडी बदलली व चौलास उतरलों. प्रथम रामेश्वर. देवळापुढें पुष्करिणी, भोंवतीं नारळीपोफळींच्या वाड्या, आणि आंत पर्जन्य, वायु व अग्नि अशीं तीन कुंडें. अवर्षण पडलें म्हणजे पर्जन्यकुंड उघडावयाचें, ही येथील जुनी चाल. "देऊळ सुंदर आहे, पण रोमच्या काळचें नव्हे," असा शेरा मिळाला. तो खराच होता. तेव्हां पुष्करिणीच्या पायरीवर बसून आम्हीं त्यास 'पेरिप्लस'ची आठवण दिली. पहिल्या शतकांत ईजिप्तकडील कोणा ग्रीक भाषिक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या त्या पुस्तकांत कल्याणापुढील बंदरांमध्यें 'सेमुल्ला' येतें, आणि विद्वान् त्यास चौल समजतात. रोमी साम्राज्यांतले व्यापारी ज्या बंदरास ओळखत, त्याच्याच आवारांत आपण शिदोरी सोडली होती!

"आणि पनवेल?"

"पनवेलचें नांव नाहीं."

त्या दिवशीं तो प्रथमच हंसला.

रेवदंडा येथून अगदीं जवळ. पोर्तुगीजांनीं येथें १५२१ मध्यें किल्ल्यास आरंभ केला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा सोसला, आणि १७४० मध्यें तें ठाणें मराठ्यांच्या हातीं आलें. तटाच्या आंत आतां माडांच्या बागा आहेत व त्यांत ख्रिस्तमंदिरांच्या भिंती उभ्या आहेत. फ्रान्सिस्कन पंथाच्या मठाचा 'सातखणी' मनोरा नांवाचाच सातखणी उरला आहे. वरचे खण ढासळले. ज्यांनीं आमचीं देवळें पाडलीं त्यांचीं देवळें पडलेलीं पाहून समाधान व्हावें, असें निघतांना आम्हांस वाटलें होतें, हें लपवीत नाहीं. तसें कांहीं झालें नाहीं. दगडांत शिरलेलीं पिंपळाचीं मुळें पाहून उलट चुटपुटच लागली.

तिसऱ्या प्रहरीं कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून कोर्लईस गेलों. गड चढण्याइतके पाय आमचे उरले नव्हते. माउंट कार्मेलच्या चर्चपाशीं एक आजीबाई नातवास हांक मारीत होत्या. आमच्याशीं त्या स्वच्छ मराठी बोलल्या, पण नातवाशीं निराळेंच कांहीं. ती 'नोलिंग', म्हणजे 'आमची भाषा': मराठीच्या सहवासांत वाढलेली पोर्तुगीज. बोलणारे हजाराच्या आसपास, तेही बहुतेक याच एका गांवांत. राज्य जाऊन पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तटाचे दगड निखळले, आणि शब्द मात्र चुलीपाशीं टिकले.

पुतण्या पायरीवरच बसला. पाणी, भात, मासा, समुद्र: एकेक शब्द विचारून तो वहींत उतरून घेऊं लागला, आजीबाई चुकलेला उच्चार त्याच्याकडून पुनःपुन्हां म्हणवून घेत. शेवटची गाडी चुकेल म्हणून आम्हीं दोनदां हांक मारली.

रात्रीं पनवेलच्या स्थानकावर उतरतांना त्यानें विचारलें, "काका, पुढच्या रविवारीं कोर्लईस एकटा गेलों तर चालेल? एस्. टी. चे पैसे तेवढे द्या."

ते आम्हीं दिले.