दोन पासपोर्ट, एक सातबारा

खालापूर

चि. छकुली,

तुझे सगळे प्रश्न वाचले. लग्न डब्लिनला नोंदवायचं की इथे, तुझा होणारा नवरा पर्यटक व्हिसावर आला तर चालेल का, त्याच्या दोन पासपोर्टांपैकी कोणता पुढे करायचा, आणि महडच्या वरदविनायकासमोर एकमेकांना हार घातले की लग्न झालं का. चारही प्रश्न रास्त आहेत. पण तू विचारला नाहीस असा पाचवा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि हे पत्र खरं तर त्याच्यासाठी लिहिते आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी देवळाचं. महडला जाऊ, हार घालू, तुझ्या आईच्या मनासारखं सगळं करू. पण त्याला कायद्याचं लग्न समजू नकोस. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंच्या लग्नाला लागू होतो, आणि तो कॅथलिक आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं असंच प्रकरण आलं होतं. मुलगा ख्रिश्चन, मुलगी हिंदू, लग्न देवळात, पुढे हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणीसुद्धा झालेली. तरी न्यायालयाने सांगितलं की हे लग्न वैध नाही, नोंदणीमुळे ते वैध होत नाही. दाखला हातात असूनही पायाखाली काही नाही, अशी बायकांची अवस्था मी कोर्टात पाहिली आहे. तुझ्या वाट्याला ती मला नको.

म्हणून आपला रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यातला दिवसांचा हिशेब नीट समजून घे, कारण रजा त्याप्रमाणे काढावी लागेल. नोटीस देण्याच्या आधी दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात सलग तीस दिवस मुक्काम झालेला हवा. तो तुझाच होईल, कारण तू घरी येणार. नोटीस लागली की पुढचे तीस दिवस हरकतींसाठी. कुणाची हरकत आली नाही तर त्यानंतर लग्न, आणि तेही नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत. ती मुदत टळली की नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तुला दोन महिन्यांहून थोडी जास्त रजा हवी. त्याने नोटिशीच्या वेळी यावं, हवं तर परत जाऊन लग्नाला पुन्हा यावं.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. विवाह अधिकाऱ्यासमोर तुम्ही दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं, दोघांना कळेल अशा भाषेत, तोंडाने म्हणायचं. जादा शुल्क भरलं तर अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरही येऊ शकतो. तुमच्या अंगणात हे होऊ शकेल का, ते मी विचारून ठेवते. आजीला कार्यालयाच्या पायऱ्या चढवत नाहीत.

आता व्हिसा. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने इथे लग्न करू नये असं नाही. पण तीस दिवसांचा ई-व्हिसा त्याच्या कामाचा नाही, वर्षाचा किंवा पाच वर्षांचा घ्यावा. त्यावर अनेकदा ये-जा करता येते. दोन पासपोर्टांची खरी मेख इथे आहे. अमेरिकन पासपोर्टावर ई-पर्यटक व्हिसाने सलग १८० दिवस राहता येतं, आयरिश पासपोर्टावर ९०. हे वाचून तो लगेच अमेरिकन पासपोर्ट काढेल. त्याला थांबव. इथला अधिकारी त्याच्याकडे अविवाहित असल्याचा पुरावा मागणार, आणि ज्या पासपोर्टावर व्हिसा आहे त्याच देशाचा मागणार. अमेरिकेचं सरकार असा दाखला देतच नाही. वकिलातीत शपथेवर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि ते चालेल की नाही यावर कार्यालयाकार्यालयात मतभेद असतात. आयर्लंडचं परराष्ट्र खातं मात्र आपल्या नागरिकाला परदेशात लग्न करण्यास मोकळा असल्याचा रीतसर दाखला देतं. शिवाय पुढे तुझा तिथला मुक्काम आयरिश माणसाची बायको म्हणून असणार. तेव्हा व्हिसा, दाखला, नोटीस आणि लग्नाचं प्रमाणपत्र या चारही ठिकाणी एकच पासपोर्ट, आयरिश. नव्वद दिवसांत आपलं काम आरामात होतं. व्हिसाच्या अर्जात दुसरा वैध पासपोर्ट आहे का, असं विचारतात. तिथे खरं तेच लिहायचं. दोन पासपोर्ट असणं त्याच्या दोन्ही देशांत गुन्हा नाही, लपवणं मात्र अंगाशी येतं.

त्याचे आईवडील कर्जतला फार्महाऊसवर उतरणार म्हणालीस. मालकाला आधीच सांगून ठेव की परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. मोठी हॉटेलं भरतात; शनिवार-रविवारपुरती घरं भाड्याने देणाऱ्यांना कधी कधी पत्ताच नसतो.

तुझे कागद काल काढून बघितले. जन्मदाखल्यावर तारीख आहे, आईचं नाव आहे, बाबांचं नाव आहे, आणि ‘बाळाचे नाव’ या रकान्यात एक आडवी रेघ. आपल्याकडे बाळ जन्मलं की नोंद होते, बारसं मागाहून, आणि नाव घालायला पुन्हा कुणी जात नाही. शाळेला दाखल्याशिवाय चाललं, पासपोर्टाला शाळेच्या दाखल्यावर चाललं. तिकडे कुणी जन्मदाखला मागितला तर ही रेघ चालणार नाही. नाव घालून घेण्याचा अर्ज मी करते आहे, आणि इंग्रजी प्रतही मागते आहे. आईचं नाव एका कागदावर ‘वैशाली’ आहे, दुसऱ्यावर ‘वैशाली’च्या पुढे माहेरचं आडनाव. तेही सरळ करून घेऊ.

नावावरून आठवलं. लग्नानंतर मधलं नाव बाबांचं काढून नवऱ्याचं लावायचं, ही आपली रीत आहे; कायद्याची सक्ती अजिबात नाही. तुझ्या पदवीवर, पासपोर्टावर, तिकडच्या नोकरीच्या परवान्यावर जे नाव आहे तेच राहू दे. बाबांचं नाव तुझ्या नावात राहिलेलं मला स्वतःलाही हवं आहे.

प्रमाणपत्र मिळालं की राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, आयर्लंडही आहे, म्हणून वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज पडत नाही. परदेशात झालेलं लग्न आयर्लंडमध्ये पुन्हा नोंदवत नाहीत. म्हणजे इथला कागदच तुला जन्मभर दाखवायचा आहे. एकाहून जास्त प्रमाणित प्रती घे.

आता वावोशीकडच्या जमिनीचं. याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, पण मी लिहिणार. बाबा गेले तरी त्यांचं नाव अजून सातबाऱ्यावर तसंच आहे. विशेष विवाह कायद्याचं १९ वं कलम असं सांगतं की एकत्र हिंदू कुटुंबातल्या व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केलं की ती त्या कुटुंबापासून वेगळी झाली असं धरायचं. दोघंही हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने वारसाहक्कात सूट मिळते. तुला मिळणार नाही. घाबरू नकोस. तुझा हिस्सा जात नाही, तो तुझाच राहतो. पण तुझ्या पश्चात तुझ्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागेल, हिंदू उत्तराधिकार कायदा नाही. म्हणून माझा आग्रह असा की लग्नाआधी वारसनोंद झाली पाहिजे. तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. काकांचा विरोध नाही, मी बोलले आहे. आज विरोध नाही म्हणून आजच करायचं. एक्सप्रेसवेच्या दोन्ही अंगांना जमिनींचे भाव कुठे गेलेत ते तुला माहीत आहे, आणि पाच वर्षांनी कोण काय बोलेल याची हमी मी वकील असून देऊ शकत नाही. लग्नानंतर मृत्युपत्रही कर. तिशीच्या आत मृत्युपत्र कसलं म्हणशील. माझ्या टेबलावर येणारी निम्मी भांडणं त्याच्या अभावी येतात.

आणि आता तो पाचवा प्रश्न. तू लिहिलंस, ‘लग्नानंतर तीन वर्षांनी मलाही आयरिश पासपोर्ट मिळेल, मग माझेही दोन होतील.’ तुझे दोन होणार नाहीत गं. त्याला जे चालतं ते तुला चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं ९ वं कलम स्पष्ट आहे: भारतीय नागरिकाने आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. अर्ज करावा लागत नाही, कुणी विचारत नाही. मागाहून पासपोर्ट जमा करायचा तो फक्त उपचार. जवळ ठेवून वापरला तर गुन्हा. गोव्यात पोर्तुगालचे कागद केलेल्या कितीतरी कुटुंबांना हे फार उशिरा उमगलं.

ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड मिळेल, हे खरं. २००५ च्या दुरुस्तीने आलेली ती सोय चांगली आहे: जन्मभर ये-जा, व्हिसाची कटकट नाही. पण ते नागरिकत्व नाही. मत नाही, निवडणूक नाही. वारशाने आलेली शेती ठेवता येते, विकत घेता येत नाही, फार्महाऊससुद्धा नाही. उद्या तुम्ही दोघं इथे राहायला आलात आणि शेजारचे दोन गुंठे जोडून घ्यावेसे वाटले, तर नागरिक म्हणून परत आलेली तू घेऊ शकशील, ओसीआयवाली तू नाही.

आपल्या जिल्ह्याने हे सगळं फार आधी पाहिलं आहे. पनवेल, पेण, अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणायचे, ते १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. नागरिकत्व मिळालं. पण तिथे लग्न धर्मसंस्थेच्या हातात, नागरी विवाह आजही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढल्या की बेने इस्राएलचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ मागे जाऊन तपासा. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळलेल्या माणसांकडे पुरावा मागितला गेला. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, संसदेने त्यांना सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू म्हणून मान्य केलं, मग त्या सूचना मागे घ्याव्या लागल्या. हे तुला अशासाठी सांगते की नवा देश पासपोर्ट देतो तेव्हा सगळंच देतो असं नाही, आणि जुना देश तोवर हातातून गेलेला असतो.

उलट बाजूही बघ. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या. कासेगावच्या भारत पाटणकरांशी त्यांनी १९७६ मध्ये लग्न केलं आणि १९८३ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या, लग्नानंतर काही वर्षं इथे राहून, काम करून, विचार करून. २०२१ मध्ये गेल्या त्या कासेगावातच. तू आयरिश हो किंवा भारतीय राहा, दोन्हीला माझा आशीर्वाद आहे. तिथल्या नोकरीत, मुलांच्या शिक्षणात, युरोपात फिरण्यात त्या पासपोर्टाचा फायदा खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण तुमच्या घरात निवड फक्त तुलाच करावी लागणार आहे, त्याला नाही, ही गोष्ट लग्नाआधी तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून बोललेली असावी. ‘तीन वर्षांनी आपोआप’ असं म्हणून ती लग्नाच्या धांदलीत गुंडाळू नका. त्याला हे पत्र वाचून दाखव, मराठी समजत नसेल तर तू सांग. सोडण्यात तुझं काय जातं हे त्याला कळलं पाहिजे.

वारसनोंदीच्या अर्जाचा आणि माझ्या नावच्या मुखत्यारपत्राचा मसुदा सोबत पाठवते आहे. मुखत्यारपत्रावर डब्लिनच्या भारतीय दूतावासात जाऊन सही कर आणि मूळ प्रत कुरिअरने पाठव, स्कॅन चालत नाही. पासपोर्टाची पहिली आणि शेवटची पानं मात्र आजच मेल कर. त्याला लग्नास मोकळा असल्याच्या दाखल्याचा अर्ज लगेच करायला सांग, वेळ लागतो.

आणि नोटीस फलकावर नावपत्त्यासह लागते, कुणीही उभं राहून वाचू शकतं. तुझ्या आईला ती गावातून कळता कामा नये. या रविवारी तूच फोन कर, मी तिच्या शेजारी बसलेली असेन.

तुझी,
मावशी