दोन वेळची सुई

मुंग्यांनी ती गोष्ट आम्हाला प्रथम सांगितली. आगोट लागली की आमच्या बोक्यासाठी मागील पडवीत वाळूचे घमेले ठेवण्याची आमच्या घरी रीत आहे. पावसात बाहेर पडणे त्याला मुळीच मानवत नाही. गेल्या जूनमध्ये त्या घमेल्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागलेली दिसली. झाडलोट केली, हळद टाकली. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा हजर. आपल्या प्राचीन वैद्यांनी या विकाराला मधुमेह हे नाव दिले ते उगीच नव्हे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी प्रयोगशाळेवाचूनच पाहून ठेवले होते.

बोक्याचे नाव पेद्रू. ते आमच्या धाकट्या मुलाने ठेवले आणि तो नोकरीनिमित्त आखातात निघून गेला. नाव आणि बोका, दोन्ही आमच्यापाशी मागे राहिले. नऊ वर्षांचा, खच्ची केलेला, चांगला साडेसहा किलोंचा धष्टपुष्ट प्राणी. असे वयस्क, लठ्ठ, खच्ची केलेले बोकेच या विकाराला अधिक बळी पडतात, हे आम्हाला पुढे समजले. विहिरीपाशी भरून ठेवलेली पाण्याची वाटी तो दिवसातून तीनदा रिकामी करू लागला होता. खाणे वाढले होते आणि अंग मात्र उतरत होते. मग एके दिवशी तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून, म्हाताऱ्या माणसासारखा चालू लागला. रक्तातील साखर फार दिवस चढलेली राहिली की नसा दुबळ्या होतात. मांजरांत ते असे पायांतून दिसते.

वसईतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा साखर ३८० निघाली. तरी त्यांनी लगेच निदान केले नाही. मांजर भ्याले की नुसत्या भीतीने त्याची साखर तीनशेच्या वर जाऊ शकते, असे ते म्हणाले. म्हणून लघवी तपासली, आणि मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामीन नावाची रक्ताची दुसरी तपासणी करवली. तिघींनी एकच साक्ष दिली. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले, की दर बारा तासांनी इन्सुलिनची सुई द्यावी लागेल, कदाचित आयुष्यभर. ते जमणार नसेल तर दुसरा मार्गही आहे, हे त्यांनी आवाज खाली करून सांगितले. तो मार्ग कोणता, हे आम्हाला विचारावे लागले नाही. आमचे हे थोडा वेळ पिंजऱ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “आधी सुई टोचून पाहू या. मग बघू.”

येथे एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण ती ज्यांच्या घरी माणसांना इन्सुलिन चालू आहे त्यांच्याही उपयोगाची आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचे मिळते. एकात प्रत्येक मिलिलिटरमागे ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. प्रत्येकाची सिरिंज निराळी. चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी. पेद्रूसाठी लिहून दिलेले ग्लारजिन हे शंभराचे. मात्रा अवघी एक युनिट, म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा थेंब. तेच औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरले तर अडीच युनिट पोटात जातील आणि मांजर दगावण्याची भीती निर्माण होईल. औषधांच्या दुकानात मागितल्याबरोबर समोर आली ती लाल टोपी. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवली आणि नारिंगी मिळेपर्यंत काउंटरवरून हलले नाही. चाळीस वर्षे शाळेत खडू धरलेल्या बाईचा हट्ट असा कधीतरी कामी येतो.

सुई टोचण्याचा सराव आम्ही केळ्यावर केला. केळीच्या वाड्यांत जन्म गेला. केळ्याचा हा उपयोग मात्र उतारवयात कळला. मांजराच्या पाठीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबूसारखा आकार झाला की त्याच्या पायथ्याशी सुई घालायची. सुई इतकी बारीक असते, की खाण्यात गुंगलेल्या पेद्रूला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही लागत नाही. साखर पाहण्यासाठी कानाच्या कडेची बारीक शीर टोचून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. ते मात्र त्याला आवडत नाही, आणि तो तसे स्पष्ट सांगतो. माणसांच्या यंत्रावर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसते, हेही लक्षात ठेवावे लागते.

खाण्याचा प्रश्न अधिक बिकट होता. आपल्या घरांतील मांजरे आमटीत कालवलेल्या भातावर आणि मासळीच्या डोक्यांवर वाढतात. मांजर हा जातीचाच मांसाहारी जीव. भाताची साखर पचविण्याची सोय त्याच्या यकृतात फारशी केलेली नाही. भात बंद झाला. कांदा-लसूण तर मांजराला विषच, त्यामुळे आमच्या ताटातले कालवणही बंद. मिठाशिवाय उकडलेली, काटे काढलेली मासळी, कोंबडीचे मांस, आणि डॉक्टरांनी नेमून दिलेला डब्यातला ओला आहार. हा बदलही त्यांना विचारून हळूहळू केला, कारण भात एकदम तोडला आणि सुई तीच ठेवली तर साखर घसरते. पेद्रू तीन दिवस ताटाकडे पाठ करून बसला. आमचे हे जेवताना त्याच्याकडे पाहण्याचे टाळीत.

सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा. पहिली सुई मिस्सेला निघण्यापूर्वी, दुसरी रोझरीला बसण्यापूर्वी. आधी खाणे, मग सुई. खाल्ले नाही तर सुई न देता डॉक्टरांना फोन. तिसऱ्या आठवड्यात पेद्रूने खाल्ले, सुई घेतली आणि अर्ध्या तासाने सगळे ओकून टाकले. रात्री दहाच्या सुमारास तो भिंतीला धरून डुलत चालू लागला. साखर ४८. हिरड्यांना मध चोळला, पुन्हा चोळला, डॉक्टरांना उठवले. सव्वा अकराला आकडा ९६ झाला आणि त्याने माझ्या बोटाला लागलेला मध स्वतःहून चाटला. त्या रात्री आम्ही दोघेही ओटीवरच झोपलो, म्हणजे झोपलो नाही.

हे सारे वाडीत लपून राहणे शक्य नव्हते. माझी चुलतजाऊ एका रविवारी देवळाच्या पायऱ्यांवरच म्हणाली, “बाय, तुझ्या बोक्याची सुई चुकत नाही. आमच्या माणसाची मी महिन्याच्या अखेरीला एक-एक दिवस चुकवते.” तिचे यजमान बारा वर्षे इन्सुलिनवर आहेत. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

मी वाचलेले काही तिला सांगू लागले. १९२१ साली टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी हे औषध शोधले ते कुत्र्यांवर प्रयोग करून. कितीतरी कुत्री त्यात गेली. १९२२ च्या जानेवारीत ते एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम टोचले गेले. पुढे कित्येक दशके माणसांचे इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. माणसावर जनावरांचे हे ऋण आहे, असे मला म्हणायचे होते. जाऊ म्हणाली, “ऋण कुत्र्यांचे आणि गुरांचे. वसूल मात्र मांजर करते?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

घरी येऊन मी १९९२ चा धर्मशिक्षणाचा ग्रंथ काढला. प्राणी ही देवाची निर्मिती, माणसाने त्यांच्याशी ममतेने वागणे हे त्यांचे देणे आहे, अशा आशयाचे वचन तेथे आहे. आणि त्याच्या थोडेसेच पुढे, माणसांच्या दुःखावर आधी खर्चायला हवा तो पैसा प्राण्यांवर खर्च करणे शोभत नाही, असेही आहे. दोन्ही पुन्हा वाचली आणि ग्रंथ जागेवर ठेवला. मग एक हिशेब मांडला. तीन मिलिलिटरच्या काडतुसात ३०० युनिट असतात. पेद्रूला दिवसाला लागतात दोन. उघडलेले काडतूस अठ्ठावीस दिवसांनी टाकून द्यावे असे त्यावर लिहिलेले असते. म्हणजे वापरली जातात ५६, आणि २४४ युनिट वाया जातात. जाऊच्या यजमानांचे औषध निराळे, ताकद निराळी, आणि मांजरासाठी सुई घातलेले काडतूस माणसाला द्यायचेही नसते. सगळी कारणे बिनतोड आहेत. तरी महिन्याच्या शेवटी ते काडतूस टाकताना मला पायऱ्यांवरचे तिचे वाक्य ऐकू येते.

ऑगस्टमध्ये आम्हाला एका मर्तिकासाठी अचानक पालघरला जावे लागले. संध्याकाळपर्यंत परतणे शक्य नव्हते. माझ्या ओळखीत न थरथरणाऱ्या हाताने सुई टोचणारी व्यक्ती एकच होती. मी निरोप धाडला. रात्री आलो तेव्हा वहीत माझ्या अक्षराखाली जाऊचे अक्षर होते: वेळ ६.३०, खाल्ले सगळे, सुई १. खाली आणखी एक ओळ होती: “तू कातडी फार पुढे धरतेस, तेथे गाठ आली आहे. जागा बदलत जा.” मी चाचपून पाहिले, खरोखरच बारीकशी गाठ होती.

तेव्हापासून दर पंधरवड्याला ती एकदा येते, त्याची पाठ चाचपते, वही पाहते. तिने प्रश्न मागे घेतलेला नाही. महिन्याच्या अखेरीस तिच्या घरी जाणारे माझे पाकीट ती घेते, पण त्याचा उल्लेख कोणी करीत नाही, आणि मी तो येथे केला हे तिला आवडणार नाही.

निदान लवकर झाले आणि साखर नीट आवरली तर काही मांजरांची सुई पुढे सुटतेही, असे डॉक्टर सांगतात. पण तसे वचन ते देत नाहीत. पेद्रू पुन्हा पंजांवर चालू लागला आहे. वाटी दिवसातून एकदाच भरावी लागते. परवा डॉक्टरांनी मात्रा अर्ध्या युनिटवर आणली आहे. नारिंगी टोपीच्या सिरिंजवर अर्ध्याची रेघ असलेली जात निराळी मिळते. ती आणायला आज संध्याकाळी साडेसहाच्या आत स्टेशनपर्यंत जाऊन यायचे आहे.