चार घड्या आणि मधला वेळ

सावरडो ब्रेड शिकायला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना कणीक मळण्याची सवय असते. पिठात पाणी पडलं की मुठी आपोआप वळतात आणि तळहाताचा जोर लागायला सुरुवात होते. सावरडोचं पीठ या जोराला दाद देत नाही. ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम फुललेला स्टार्टर (पीठ-पाण्याचं आंबवलेलं विरजण) आणि १० ग्रॅम मीठ असं साधं प्रमाण घेतलं तरी जे पीठ तयार होतं ते पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल असतं. ते बोटांना चिकटतं, भांड्याला चिकटतं, आणि नवखा माणूस घाबरून वरून कोरडं पीठ भुरभुरायला लागतो. त्या क्षणी त्याला थांबवणं हे माझं पहिलं काम. वरून टाकलेल्या पिठाने चिकटपणा तेवढ्यापुरता झाकला जातो, पण प्रमाण बिघडतं आणि ब्रेड दडस होतो. चिकटपणा जाण्यासाठी लागतो तो वेळ, आणि मधूनमधून घातलेल्या मोजक्या घड्या.

गव्हाच्या पिठाला ताण कुठून येतो हे डोळ्यांनी बघता येतं. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेकारी या विद्वानाने १७२८ साली गव्हाचं पीठ पाण्यात धुऊन त्यातला चिवट भाग वेगळा करून दाखवला. तोच प्रयोग मी वर्गात सगळ्यांना करायला लावते. मैद्याचा लिंबाएवढा गोळा मळायचा, अर्धा तास भिजत ठेवायचा आणि मग वाडग्यातल्या पाण्यात हलक्या हाताने चोळत राहायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं, ते बदलायचं, पुन्हा चोळायचं. स्टार्च वाहून गेला की हातात रबरासारखा एक लहानसा गोळा उरतो. हे ग्लूटेन. त्यातलं ग्लायाडिन ताणू देतं, ग्लूटेनिन मागे खेचतं. हा गोळा एकदा स्वतःच्या बोटांनी ओढून पाहिला की पिठाशी कसं वागायचं याची समज पुस्तकाशिवाय येते.

हे ग्लूटेन जुळायला मळावंच लागतं असं नाही. पीठ नुसतं ओलं होऊन पडून राहिलं तरी त्यातली प्रथिनं पाणी पितात आणि एकमेकांत गुंततात. पुरणपोळी करणाऱ्या घरात हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. सैल कणीक तेल लावून तास-दोन तास मुरली नाही, तर ती पुरणावर ताणताना फाटते. फ्रान्समध्ये रेमों काल्वेल यांनी १९७०च्या दशकात हेच तत्त्व बेकरीच्या कामात आणलं. पीठ आणि पाणी आधी कालवून ठेवायचं, मळायचं नंतर. या विश्रांतीला बेकर मंडळी ऑटोलिझ म्हणतात. न्यूयॉर्कचे जिम लाही आणखी पुढे गेले. न्यूयॉर्क टाइम्समध्ये २००६ साली छापून आलेल्या त्यांच्या कृतीत मळणं जवळजवळ नाहीच. अगदी थोडं यीस्ट घालून पीठ बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या टार्टीन बेकरीचे चॅड रॉबर्टसन यांच्या २०१० सालच्या पुस्तकामुळे भांड्यातल्या भांड्यात घड्या घालण्याची पद्धत जगभरच्या घरगुती ओट्यांवर पोचली. आज आपण जे ‘स्ट्रेच अँड फोल्ड’ करतो ते हेच.

कृती दोन मिनिटांची आहे. हात पाण्यात बुडवून घ्यायचा. भांड्याच्या एका कडेने बोटं पिठाखाली सरकवायची, पिठाची कड पकडून वर ओढायची आणि पलीकडच्या बाजूवर आणून ठेवायची. भांडं पाव फेरा फिरवायचं आणि पुन्हा तेच. चारही बाजू झाल्या की झाकण ठेवून अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. असे चार फेरे पहिल्या दोन तासांत.

यातला सगळा कस ‘किती ओढायचं’ यात आहे. पीठ ताणताना एका टप्प्यावर ते हाताला मागे खेचतं. तिथे थांबायचं. त्यापुढे ओढलं तर पृष्ठभागावर चिरा दिसायला लागतात, म्हणजे जुळलेले धागे तुटतात. पीठ अडून बसलं असेल तर जोर वाढवायचा नाही, दहा मिनिटं आणखी वाट पाहायची. आकसलेलं ग्लूटेन त्या वेळात सैलावतं आणि मघाशी न येणारी कड सहज वर येते.

चारही फेऱ्यांत पीठ निरनिराळं असतं, आणि मला या कामातला सगळ्यात मोठा आनंद तिथेच मिळतो. पहिल्या वेळी ते खडबडीत, ओलं आणि लोंबणारं. ओढलं की तुटतं. दुसऱ्या वेळी गुळगुळीत व्हायला लागतं आणि भांड्याची कड सोडतं. तिसऱ्या वेळी हाताखाली हवा जाणवते, तेव्हापासून हात हलका करायचा. चौथ्या वेळी मी कड ओढत नाही. दोन्ही हात मधोमध खाली घालून पीठ अलगद उचलते आणि ते स्वतःच्या वजनाने लोंबून खाली दुमडेल असं सोडते. तयार झालेले बुडबुडे त्यामुळे दबत नाहीत. या घड्यांमुळे पिठाचं तापमान सगळीकडे सारखं होतं आणि स्टार्टरमधल्या यीस्टला आणि जिवाणूंना नवं खाद्यही मिळतं. मधल्या वेळात तयार होणारा वायू आतून ताण देत राहतो, आणि ग्लूटेनच्या पाकळ्या पातळ करण्याचं बरंच काम तोच करतो.

परदेशी पुस्तकांतले तास आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. ते बहुधा २४ ते २७ अंश तापमान धरून लिहिलेले असतात. पुण्यात मे महिन्यात ओट्यावरचं पीठ दुपारी ३२ अंशांच्या वर सहज जातं आणि आंबणं झपाट्याने होतं. अशा वेळी मी फ्रिजमधलं गार पाणी वापरते, स्टार्टर निम्मा करते आणि घड्यांमधलं अंतर वीस मिनिटांवर आणते. पीठ मूळ आकाराच्या ३० ते ४० टक्के वाढलं की आकार देऊन फ्रिजमध्ये ठेवते, कारण पूर्ण गार होईपर्यंत ते आत आंबतच राहतं. डिसेंबरात हेच पीठ दुप्पट वेळ घेतं.

पिठाचा स्वभावही ओळखावा लागतो. चक्कीच्या कणकेत कोंडा असतो. तो पाणी जास्त पितो आणि ग्लूटेनच्या पाकळ्यांना टोचून फाडतो. जात्याच्या दाबाने स्टार्चही बराच दुखावलेला असतो, त्यामुळे पीठ लवकर आंबतं आणि लवकर चिकट होतं. म्हणून निम्मी कणीक घातली तर पाणी थोडं वाढवायचं, घड्या हळुवार घालायच्या आणि वेळ कमी धरायचा. सांगली-सातारा भागातला खपली गहू चवीला उत्तम, पण त्याचं ग्लूटेन ताणलं जातं आणि परत फिरत नाही. त्याला घड्या कितीही घातल्या तरी तो मैद्यासारखा उभा राहणार नाही. खपलीचा ब्रेड साच्यात करावा.

थांबायचं कधी, हा प्रश्न सगळेच विचारतात. भांडं तिरकं केलं की पीठ एकसंध सरकतं, घडी घातल्यावर तिची कड काही मिनिटं दिसत राहते, आणि ओल्या बोटांनी ताणलेला पापुद्रा न फाटता उजेड दाखवतो. एवढं झालं की घड्यांचं काम संपलं. त्यानंतरची प्रत्येक घडी आतली हवा घालवते. उलट पीठ जास्त आंबून पातळ झालं असेल, तर घड्यांनी ते वाचत नाही. आम्ल आणि विकरं मिळून ग्लूटेन तोडत असतात आणि हात तो तुटलेला धागा जोडू शकत नाही. तसलं पीठ तेल लावलेल्या ताटात पसरून फोकाचिया करावा, छान होतो.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी साधा मैदा घ्यावा, पाणी पिठाच्या वजनाच्या ७० टक्क्यांवर नेऊ नये आणि प्रत्येक घडीची वेळ व पिठाचं तापमान कागदावर लिहून ठेवावं. चार फेरे झाल्यावर हात शिवशिवतील, आणखी एक घडी घालावीशी वाटेल. ती घालू नका. झाकण ठेवा, ब्रेड भाजा, पूर्ण गार झाल्यावर कापून जाळी बघा आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते त्याच कागदावर लिहा.